ताळा

पुस्तकात होतं, 'मेल्या.'
मी फळ्यावर लिहिलं, 'विकल्या.'
एवढाच बदल. आकड्यांना हात लावला नाही.

एका माणसाच्या मेंढ्या आणि शेळ्या
पाचास तीन या प्रमाणात.
हिवाळ्यात मेंढ्यांपैकी दोन पंचमांश विकल्या,
शेळ्यांपैकी एक तृतीयांश.
उरली जनावरं एकशेवीस.
तर मुळात किती होती?

बाहेर उणे एकतीस.
वसतिगृहाच्या धुराड्यातून कोळशाचा धूर
पट्टीने आखल्यासारखा सरळ वर.
वर्गात बाकं सव्वीस, मुलं एकोणीस.
ते सात शहराकडे गेले, आईबापांमागे,
त्यांची वजाबाकी मी घालत नाही कुणाला.

तुमुरखुयागने सवयीने लिहिलं, 'समजा क्ष',
आणि क्षकडे बघत बसला,
अनोळखी पाहुण्यापुढे चहाचा वाडगा ठेवल्यावर
पुढे बोलायचं काय, हे सुचू नये तसा.
मी माझं नेहमीचं सांगितलं:
छेद सांगतो तुकडे किती केले,
अंश सांगतो त्यातले आपले किती.
सांगताना खडू तुटला.

खुलानने वही उघडलीच नाही.
अंगरख्याच्या घडीतून तिने पिशवी काढली,
खेळायच्या हाडांची. मेंढीच्या घोट्याचं हाड,
त्याला चार अंगं: घोडा, उंट, मेंढी, शेळी.
पाच हाडं ठेवली मेंढी वर करून,
तीन, शेळी वर करून.
पाचांतली दोन उचलली. तिनांतलं एक.
बाकावर राहिली पाच.

"पाचांत एकशेवीस," ती म्हणाली,
"म्हणजे एका हाडात चोवीस.
आधी हाडं होती आठ.
चोवीस आठे एकशेब्याण्णव."

शाब्बास, म्हटलं, आता ताळा कर.

ताळा म्हणजे उत्तर बरोबर घेऊन
आल्या वाटेने गणितात परत जायचं,
सगळं जागच्या जागी आहे का बघायचं.
ती गेली.
एकशेवीस मेंढ्या. बहात्तर शेळ्या.
त्यांतून अठ्ठेचाळीस. यांतून चोवीस.
आणि मध्येच थांबली.

"बाई, पण असं कोणी विकत नाही.
विकताना मोजतात. ही घ्या, ती नको,
हिचे दात बघा, हिची लोकर बघा.
बाबांनी बर्फाआधी नऊ विकल्या.
नऊ म्हणजे नऊ.
दोन पंचमांश कोण विकतं?
असं न निवडता, हिश्श्याने,
फक्त झुद नेतो."

झुद. वर बर्फ, बर्फाखाली काचेसारखा गोठलेला थर,
त्याखाली गवत, दिसणारं.
खुरांनी खरवडून खरवडून
उभ्याउभ्याच संपतात जनावरं.

कोणी मान वर केली नाही.
ज्याचा त्याचा अपूर्णांक ज्याच्या त्याच्या घरी:
कुणाचं निम्मं, कुणाचं पाऊण,
ओदोनच्या घरचं सगळंच,
त्याला तर अपूर्णांकही लागत नाही.

माझी नजर खुलानच्या मुठीवर.
उचललेली तीन हाडं अजून तिथेच होती.
तीन हाडं, बहात्तर.
होत्या तितक्या सगळ्या शेळ्यांएवढी.
हे गणिताने विचारलंच नव्हतं.
गेली वीस वर्षं हेच गणित घालते आहे मी,
मलाही कधी विचारावंसं वाटलं नाही.

मी बाहीनेच पुसलं, 'विकल्या.'
त्या जागी फळा ओलसर झाला,
खडू उठेना. शब्द तसाच राहिला, न लिहिलेला,
वाक्य मात्र सगळ्यांना वाचता आलं.

घंटा झाली. पाच हाडं पिशवीत गेली.
तीन तिने बाकावरच ठेवली, कुठलंही अंग वर,
जशी पडली तशी.

तुमुरखुयाग अजून वहीतच.
"पण खुलान, मग क्ष कोण?"

तिने त्यातलं एक उचललं,
त्याच्या 'समजा'वर ठेवलं
आणि जेवणाच्या रांगेत गेली.